शेवटी बसतं, आधी उठतं: कोरडं सरोवर आणि खोल मीठ यांत पोटॅश शोधताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका कोरड्या खाऱ्या सरोवराचा शोध-परवाना तुमच्या गटाकडे आहे, क्षेत्र सुमारे ३०० चौरस किलोमीटर. १४ उथळ खड्डे घेतले आणि त्यांतल्या ब्राइनमध्ये, म्हणजे दाट खाऱ्या पाण्यात, लिटरमागे सरासरी ५ ग्रॅम पोटॅशियम मिळालं. गाळ २० मीटर जाड आणि सच्छिद्रता ४० टक्के धरून कुणीतरी १ कोटी २० लाख टन पोटॅशियमचा आकडा काढून दिला. शिवाय त्याच खोऱ्यात एक जुनी तेलविहीर आहे. तिच्या गॅमा लॉगवर (विहिरीत खोलीनुसार किरणोत्सार मोजून काढलेल्या आलेखावर) १०५० मीटरच्या आसपास, मिठाच्या थरात, दोन टोकदार उंचवटे दिसतात. पैसे एकाच कामाला पुरतील. तर सरोवरात चर खणायचे की खोल बोअर मारायचा, आणि बोअर किती लागतील?

सरोवर की बोअर हा निवाडा आत्ता करताच येणार नाही. दोन्हीकडे पोटॅशियम आहे असं मानलं तरी खरा प्रश्न वेगळाच राहतो. सरोवरात प्रश्न आहे ते पोटॅशियम बाहेर निघेल का, आणि खोल मिठात प्रश्न आहे ते तिथे टिकलंय का. दोन्हींची उत्तरं मिळवायला आज चर लागत नाहीत आणि बोअरही लागत नाही. आधी त्यामागचं कारण सांगतो.

पाणी आटताना क्षार एका ठरलेल्या क्रमानं बसतात. समुद्राचं पाणी घेतलं तर आधी थोडा चुना, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की साधं मीठ. पोटॅशियमचे क्षार, म्हणजेच पोटॅश, बसायला पाणी साठ-सत्तर पट आटावं लागतं. म्हणजे शंभर बादल्यांतली जेमतेम दीड बादली उरते तेव्हा पोटॅशची पाळी येते. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम मुळातच लिटरला ०.४ ग्रॅमच्या आत असतं. ते शेवटपर्यंत द्रवातच राहतं आणि खोऱ्यातल्या सगळ्यांत खोल, सगळ्यांत उशिरा सुकलेल्या जागी जाऊन साचतं. विरघळण्याचा क्रम मात्र उलटा. नवं पाणी आलं की सगळ्यांत आधी हेच क्षार जातात. शेवटी बसतं ते आधी उठतं. म्हणून मी खोरं बघताना मीठ किती जाड आहे हे नंतर पाहतो. आधी पाहतो की शेवटचं पाणी कुठे जमलं असेल, आणि त्यानंतर वरून किंवा खालून गोडं पाणी कुठून शिरलं असेल.

जर्मनीत श्टासफुर्टला १८५० च्या दशकात साध्या मिठासाठी शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) खोदली गेली, तेव्हा मिठाच्या वर रंगीत, कडवट क्षारांचे थर लागले. खालच्या मिठापर्यंत पोचण्यासाठी ते काढून बाजूला टाकत; त्यांचं नावच ‘काढून टाकायचे क्षार’ असं पडलं होतं. १८६१ मध्ये आडोल्फ फ्रांक यांनी त्याच क्षारांपासून खतासाठी पोटॅश करण्याचा कारखाना काढला. हे क्षार मिठाच्या वर होते, कारण ते शेवटी बसले. कॅनडातल्या सास्काचेवानमध्येही पोटॅशचे थर डेव्होनियन काळातल्या मिठाच्या वरच्या भागातच आहेत. त्यामुळे जुन्या लॉगवर उंचवटे मिठाच्या माथ्याजवळ आहेत की तळाशी, हे मी पहिल्यांदा विचारतो. तुम्ही ते लिहिलेलं नाही. एकाच खोऱ्यात समुद्र अनेकदा येऊन आटला असेल तर मधल्या पातळीवरही पोटॅश मिळतं, तेव्हा तळाशी आहे म्हणून लगेच निराश होऊ नका. पण माथ्याजवळ असेल तर माझं लक्ष जास्त जाईल.

आता तुमचं सरोवर. त्या १ कोटी २० लाख टनांपासून सुरुवात करू, कारण असे आकडे मी वर्षानुवर्षं पाहतोय आणि माणसं त्यांवर कर्ज काढतात. गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती ‘४० टक्के’ या शब्दांत. मऊ चिकणमातीत ४० टक्के पोकळी असूच शकते, पण त्यातलं बहुतेक पाणी मातीच्या कणांना धरून बसतं. चर खणा, पंप लावा, ते हलत नाही. आपल्या कामाची असते ती निथळणारी सच्छिद्रता: गुरुत्वाकर्षणानं आपोआप जितकं पाणी सुटून येतं तितकीच. चिकणमातीत ती बहुधा काही टक्केच भरते. जिप्समच्या वाळूत बरीच जास्त. वरच्या ताज्या, भेगाळ मिठाच्या पापुद्र्यात चांगली असते, पण खोल जावं तशी मीठ पुन्हा पुन्हा विरघळून-गोठून पोकळ्या भरत जातात आणि ती झपाट्यानं उतरते. तुमच्या सरोवरात ती ५ टक्के निघाली असं धरा. तोच गुणाकार मग १५ लाख टनांवर येतो. तेही सगळं जमिनीतून निघालं तर, आणि ते कधीच निघत नाही.

ही सच्छिद्रता मोजायची कशी? पोलादी नळी दाबून गाळाचा अखंड नमुना काढा, दोन्ही तोंडं लगेच बंद करा, आणि प्रयोगशाळेला बजावून सांगा की नमुना त्याच सरोवराच्या ब्राइननं भिजवायचा, साध्या पाण्यानं नाही. साध्या पाण्यानं आतलं मीठ आणि जिप्सम विरघळतं, पोकळी वाढते आणि आकडा फुगतो. मग ठरलेल्या ताणाखाली नमुना निथळू द्यायचा आणि वजनातला फरक घ्यायचा. काही वर्षांपूर्वी दोन नमुने शेजारी शेजारी चाळणीवर ठेवून मी एका तरुण सहकाऱ्याला दाखवले होते. एक जिप्समच्या करड्या वाळूचा, दुसरा चॉकलेटी चिकणमातीचा, दोन्ही हाताला सारखेच ओले. वाळूखालच्या भांड्यात तासाभरात बोटभर ब्राइन जमलं. चिकणमातीखाली दुसऱ्या दिवशी सकाळीही भांड्याचा तळ फक्त ओलसर होता, आणि गोळा मात्र तसाच थंड, जड, भरलेला. दोन्हींतल्या ब्राइनमध्ये पोटॅशियम जवळपास सारखंच होतं. सरोवराचा साठा आणि सरोवराचं उत्पन्न यांतला फरक त्यानंतर त्याला कधी समजावावा लागला नाही.

तुमच्या १४ खड्ड्यांबद्दल दुसरी शंका. उथळ खड्ड्यात येतं ते भूजलाच्या अगदी वरच्या पातळीचं ब्राइन. कोरड्या दिवसांत ते उन्हानं आटून दाट झालेलं असतं, पावसानंतर पातळ. खाली पाच-दहा मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, दोन्ही दिशांनी. म्हणून खोलीनिहाय नमुने हवेत. वेगवेगळ्या खोलीवर जाळी असलेल्या बारीक नळ्या बसवून, आधी नळीतलं जुनं पाणी उपसून टाकून, मग नमुना घ्यायचा. एकाच बोअरमध्ये वरून पंप सोडून आलेलं पाणी म्हणजे सगळ्या थरांची खिचडी. त्यावरून काहीच ठरत नाही. नमुने निदान दोन ऋतूंत घ्या.

आणि प्रत्येक नमुन्याचं पूर्ण रासायनिक विश्लेषण मागा. नुसतं पोटॅशियम नको. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट, ब्रोमाइड, बोरॉन, लिथियम आणि घनता. धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद जुळतो का पाहा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो अहवाल परत पाठवा. दाट ब्राइन शेकडो पट पातळ करून मोजावं लागतं आणि चुका तिथेच होतात. माहीत असलेल्या रचनेचं कृत्रिम ब्राइन तयार करून ते अनोळखी क्रमांकानं मध्येच घुसवा. ही सवय मला पहिल्या पाच वर्षांत नव्हती, आणि एका प्रयोगशाळेचे पोटॅशियमचे आकडे सातत्यानं वाढीव येत होते हे आम्हाला वर्षभरानंतर कळलं. तोवर त्या आकड्यांवर दोन हंगामांचं काम उभं राहिलं होतं.

पूर्ण विश्लेषण हवं ते यासाठी की ब्राइनची जात त्यावरून कळते, आणि जात कळली की तुमच्याकडे कोणतं खत तयार होऊ शकतं ते कळतं. सल्फेट भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असेल तर आटवताना शोनाइट, लिओनाइट, कायनाइट असे पोटॅशियम-मॅग्नेशियमचे सल्फेट मिळतात, आणि त्यांतून पोटॅशियम सल्फेट करता येतं. क्लोराइड सहन न होणाऱ्या पिकांसाठी ते लागतं आणि त्याला भाव जास्त मिळतो. उलट कॅल्शियम जास्त असेल तर ते सल्फेटला धरून जिप्सम म्हणून खाली बसतं, आणि शेवटी हाती येतो कार्नालाइट, म्हणजे पोटॅशियम-मॅग्नेशियमचं पाणीदार क्लोराइड. त्यातून पोटॅशियम क्लोराइड. चीनमधल्या लोप नुरमध्ये पोटॅशियम सल्फेट होतं आणि त्याच देशातल्या छारहान सरोवरात पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही सरोवरंच, पण ब्राइनची जात वेगळी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या सरोवरांचं ब्राइन सल्फेटच्या बाजूचं आहे.

मॅग्नेशियमकडे मी विशेष लक्ष देतो. पोटॅशियमच्या मानानं मॅग्नेशियम फार असेल तर बाष्पीभवनाच्या शेवटच्या टप्प्यात ब्राइन तेलासारखं जड होतं आणि आटेनासं होतं. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून घेतं. अशा ठिकाणी दिवसा आटलेलं रात्री परत भरतं. साध्या पाण्याच्या बाष्पीभवनाची सरकारी आकडेवारी घेऊन तलावांचं क्षेत्र काढणारे अहवाल म्हणूनच फसतात. तुमचंच ब्राइन तुमच्याच जागी उथळ तलावात घालून, निदान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट आटवून पाहावं लागतं. त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. जवळपास संपृक्त ब्राइनमध्ये लिटरला ३०० ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि तुमचं पोटॅशियम त्यातलं ५ ग्रॅम. म्हणजे आधी ढीगभर साधं मीठ बसणार, आणि त्या मिठाच्या स्फटिकांमध्ये अडकून बरंच पोटॅशियमवालं ब्राइनही तिथेच राहणार. तलावांची गळती वेगळीच. सरोवराच्या प्रकल्पात तोटा होतो तो बहुतेक या दोन वाटांनी, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता.

चर की बोअर, हेही खाली काय आहे त्यावर अवलंबून. वरचा थर निथळणारा असेल तर चर स्वस्त आणि चांगले. पण पुष्कळ कोरडी सरोवरं एखाद्या जुन्या नदीच्या दरीवर बसलेली असतात. तिच्या तळाशी वाळू, वर चिकणमातीचं जाड झाकण. वाळूत बोअर घेतला की सुरुवातीला जोरदार पाणी येतं आणि सगळे खूश होतात. ते पाणी वाळूच्या साठवणुकीतलं असतं. महिने-दोन महिने उपसल्यावर वरच्या मातीतून झिरपा किती येतो, आणि बाजूनं पातळ पाणी खेचलं जातं का, हे दिसायला लागतं. तेव्हा २४ किंवा ४८ तासांच्या पंपिंगवर विश्वास ठेवू नका. मी आता कमीत कमी काही आठवड्यांची चाचणी मागतो आणि रोज ब्राइनची घनता मोजायला लावतो. पाण्याची पातळी स्थिर राहून घनता उतरू लागली, तर तुम्ही शेजारचं गोडं पाणी उपसताय.

सरोवराबद्दल इतकं पुरे. आता ती तेलविहीर, जिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. माझ्या मते तुमच्या हातातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळचं पोटॅश १९२५ मध्ये तेलाच्या बोअरमध्ये सापडलं. सास्काचेवानचं १९४३ मध्ये, तेही तेल शोधतानाच. ज्या खोऱ्यात कुणी आधी तेलासाठी खोदलंय, तिथे पोटॅशच्या शोधाचा अर्धा खर्च दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला असतो.

गॅमा लॉग पोटॅश दाखवतो, कारण निसर्गातल्या पोटॅशियमपैकी ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि ते किरणोत्सारी आहे. साधं मीठ गॅमावर अगदी शांत, जवळपास शून्याला टेकलेलं. त्यामुळे मिठाच्या मधोमध उंचवटा आला की तो ठळक दिसतो. पण चिकणमातीतही पोटॅशियम असतं, वर युरेनियम आणि थोरियमही. मिठातला मातीचा पट्टा आणि पोटॅशचा पट्टा नुसत्या गॅमावर वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून त्याच विहिरीचे घनता आणि न्यूट्रॉन लॉग शोधून काढा. घनतेच्या लॉगवर साधं मीठ घन सेंटिमीटरला २.०३ ग्रॅमच्या आसपास वाचतं. सिल्व्हाइट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं खनिज, त्याहून हलका, १.८६. कार्नालाइट आणखी हलका, १.५७. पॉलीहॅलाइट (पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं सल्फेट) मात्र जड, २.७९. मातीही मिठापेक्षा जड. न्यूट्रॉन लॉग हायड्रोजन बघतो. कार्नालाइटमध्ये स्फटिकाचं पाणी भरपूर, म्हणून तिथे तो प्रचंड उडी घेतो, सिल्व्हाइटमध्ये जागचा हलत नाही. तेव्हा गॅमा वर, घनता खाली आणि न्यूट्रॉन शांत असेल तर सिल्व्हाइटची आशा धरा. गॅमा वर, घनता खाली, न्यूट्रॉन उंच असेल तर कार्नालाइट. गॅमा आणि घनता दोन्ही वर असतील तर माती किंवा पॉलीहॅलाइट. पॉलीहॅलाइटची शक्यता सोडू नका, राजस्थानच्या नागौर-गंगानगर खोऱ्यातल्या मिठात तो आहे. मात्र मिठात बोअर खूप रुंदावतो आणि त्यामुळे घनता खोटी कमी येते. म्हणून बोअरच्या व्यासाचा कॅलिपर लॉग शेजारी ठेवल्याशिवाय यातलं काहीच वाचू नका.

या खनिजांत फरक का करायचा, तर शुद्ध सिल्व्हाइटमध्ये ६३ टक्के के२ओ (पोटॅशियम ऑक्साइड, पोटॅश मोजायचं माप) असतं आणि शुद्ध कार्नालाइटमध्ये १७ टक्के. पोटॅशचा व्यवहार के२ओ मध्ये चालतो, ते १.५८३ नं गुणलं की पोटॅशियम क्लोराइड मिळतं. १२ टक्के के२ओ चा थर सिल्व्हाइटचा असेल तर तो मिठात मिसळलेला कमी दर्जाचा थर आहे. तोच कार्नालाइटचा असेल तर जवळपास ७० टक्के कार्नालाइट आहे. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइडचं ब्राइन कुठे टाकायचं हा कारखान्याचा कायमचा प्रश्न आहे, आणि असा खडक खाणीत कमकुवत असतो. कागदावर दोन्हींची टक्केवारी एकच.

तुम्ही लिहिलंय की त्या विहिरीच्या चुऱ्याच्या (ड्रिल करताना वर आलेल्या खडकाच्या तुकड्यांच्या) नोंदीत फक्त ‘मीठ’ असा शेरा आहे, पोटॅशचा उल्लेख नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेलवाल्यांनी गोड्या पाण्याच्या किंवा साध्या मिठाच्या मडनं (ड्रिल करताना बोअरमध्ये फिरवायच्या द्रवानं) ड्रिल केलं असेल तर सिल्व्हाइट आणि कार्नालाइट वर येईपर्यंत विरघळून गेलेले असतात. पण चुऱ्याच्या जुन्या पिशव्या कुठे जपलेल्या असतील, तर त्यांतल्या मिठाचं ब्रोमीन मोजा. मीठ बसताना स्फटिकात थोडं ब्रोमीन अडकतं, आणि ब्राइन जसं आटत जातं तसं ते वाढत जातं. समुद्राच्या पाण्यातून पहिलं मीठ बसतं तेव्हा ते दशलक्षात ७० भागांच्या आसपास असतं. पोटॅश बसायच्या वेळेला २०० च्या वर गेलेलं असतं. खालून वर ब्रोमीनचा आलेख चढत चढत त्या उंचवट्यांपर्यंत जात असेल, तर पोटॅश विरघळून गेलं तरी साक्ष मागे राहिलेली आहे. आलेख सपाट आणि खालीच रेंगाळत असेल, तर ते मीठ जुनं मीठ विरघळून पुन्हा बसलेलं असावं, किंवा ब्राइन कधी तितकं दाट झालंच नसावं. चाचणीला खर्च फारसा नाही आणि मला तिनं एकदा एक महागडा बोअर वाचवून दिलाय. मात्र दाणे स्वच्छ निवडून घ्या, मडमधलं नंतर बसलेलं मीठ नको. आणि खोरं मूळचं समुद्राचं नसेल तर हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथवर सगळं जुळलं तरच बोअर. बोअर मारताना सगळ्यांत जास्त नुकसान चुकीच्या मडनं होतं. साध्या मिठानं संपृक्त मड मिठाला धक्का लावत नाही, पण सिल्व्हाइट खातं. सिल्व्हाइटसाठी मड पोटॅशियम क्लोराइडनंही संपृक्त लागतं. कार्नालाइट असेल तर मॅग्नेशियम क्लोराइडनं, किंवा सरळ तेलाधारित. हे ड्रिलिंगच्या करारात लिहून घ्या, आणि मडची तपासणी दर पाळीला तुमच्या माणसानं करायची. कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा अखंड दांडा, वर आला की त्याची कड बघा. धारदार, पूर्ण व्यासाची असेल तर ठीक. मधेच खडबडीत, बारीक झालेली, छोट्या खळग्यांची असेल तर तिथलं पोटॅश मडमध्ये गेलंय, आणि राहिलेल्या कोअरचं विश्लेषण खरा दर्जा दाखवणार नाही.

माझ्या पहिल्या कार्नालाइटच्या बोअरवर संध्याकाळी सात मीटर सुंदर, नारिंगी-लाल कोअर ट्रेमध्ये मांडला. चाकूचं टोक फिरवलं की कार्नालाइट करकरतो, ते मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. नोंदी सकाळी करू म्हणून नुसती ताडपत्री टाकून झोपलो. पहाटे दव होतं. ट्रेच्या खालच्या फळीवर लालसर पाणी साचलेलं, आणि सर्वांत चांगला दीड मीटर तुकडा कडेनं खचून साखरेच्या ओल्या ढेकळासारखा झालेला. तो दीड मीटर परत मिळणार नव्हता. तेव्हापासून कोअर नळीतून निघाला की कोरड्या फडक्यानं पुसायचा, फोटो काढायचा, लगेच जाड प्लास्टिकमध्ये उष्णतेनं बंद करायचा, आणि कापतानाही पाणी वापरायचं नाही, हे माझ्या साइटवर कुणाला विचारायचं काम नाही. लाल रंगावरही जाऊ नका. तो लोहाचा असतो. साधं मीठही लाल असतं आणि उत्तम सिल्व्हाइट कधी कधी दुधाळ पांढरा. जिभेवर कडवट लागला तर खूण चांगली, पण निर्णय विश्लेषणाचाच.

बोअर किती, याचं एक उत्तर नाही. सास्काचेवानसारखे सपाट, सलग थर असतील तर बोअर एकमेकांपासून काही किलोमीटर दूर असले तरी चालतात, कारण मधली जागा सेस्मिकनं (जमिनीत कंपनं सोडून थर पाहण्याच्या पद्धतीनं) भरता येते. सेस्मिकवर पोटॅशचा दर्जा दिसत नाही. मिठाचा माथा, तळ, आणि मीठ खालून विरघळून वरचे थर खचलेल्या जागा मात्र दिसतात, आणि तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं. उलट मीठ वर उसळून घुमट झालेलं असेल तर तिथे पोटॅशचे थर घड्या पडून उभे-आडवे फिरतात, आणि दोनशे मीटरवरच्या दोन बोअरचंही जुळत नाही. तुमच्याकडे यांतलं काय आहे ते मला माहीत नाही. तेलवाल्यांच्या जुन्या सेस्मिक रेषा मिळत असतील तर त्यांवर पुन्हा प्रक्रिया करून घेणं हा पहिल्या बोअरआधीचा खर्च आहे.

१०५० मीटर खोलीबद्दलही एक शब्द. साधारण या खोलीपर्यंत माणसं उतरवून खाण चालते. त्याच्या खाली मीठ स्वतःच्या भारानं सरकू लागतं, आणि तिथे पाणी घालून विरघळवून काढणं जास्त सोयीचं. सास्काचेवानमध्येच बेल प्लेनला ते १९६४ पासून चालू आहे. तुमचा थर या सीमेवर आहे. तुमच्या गटाच्या ऐपतीत शाफ्ट येणार नाही हे उघड आहे. तुम्ही शोध सिद्ध करून मोठ्या भागीदाराकडे जाणार असाल, तर त्याला हव्या त्या गोष्टी पहिल्या बोअरपासूनच गोळा करा: थराचं तापमान, मातीचं प्रमाण, कार्नालाइटचे पट्टे, आणि वर छप्पर म्हणून किती मीटर स्वच्छ मीठ आहे.

तर क्रम माझ्या मते असा राहील. पुढचे तीन-चार महिने लॉग, चुरा, ब्रोमीन आणि जुन्या सेस्मिक रेषा. त्याच काळात सरोवरात खोलीनिहाय नमुने, पूर्ण विश्लेषण आणि निथळण्याच्या चाचण्या. दोन्ही मिळून एका खोल बोअरच्या लहानशा भागात बसतात. त्यानंतर सरोवराची निथळ चांगली आणि मॅग्नेशियम कमी निघालं तर चाचणीचा तलाव आणि लांब पंपिंग. लॉग सिल्व्हाइटकडे बोट दाखवत असतील तर जुन्या विहिरीच्या शेजारी एक कोअर बोअर. दोन्हीकडे नकार आला तर परवाना सोडून द्या. त्यात कमीपणा नाही; मी स्वतः जितकी क्षेत्रं पुढे नेली त्याहून जास्त सोडली आहेत.

शेवटचं, आणि यात तडजोड करू नका: मिठात मारलेला प्रत्येक बोअर पूर्ण खोलीपर्यंत सिमेंटनं बंद झाला पाहिजे, आणि ते सिमेंट मिठाच्या पाण्यात कालवलेलं असलं पाहिजे, नाहीतर मिठाशी त्याची पकड बसत नाही. वरचं भूजल एकदा मिठात उतरू लागलं की थांबवणं जवळपास अशक्य. २० नोव्हेंबर १९८० ला लुइझियानात पेन्यूर सरोवरातल्या तेलाच्या बोअरनं खालची मिठाची खाण फोडली आणि अख्खं सरोवर खाणीत उतरलं. माणसं वाचली, खाण गेली. सास्काचेवानमधली पेशन्स लेकची खाण १९८७ मध्ये पाण्यानं भरली. रशियात बेरेझ्निकीची एक खाण २००६ मध्ये बुडाली आणि पुढच्या वर्षी वर प्रचंड विवर पडलं. तुमच्या त्या जुन्या तेलविहिरीचं तोंड कधी, कसं बंद केलं याची नोंद आधी काढा. तशी नोंद नसेल तर तिच्या शेजारी खाणीचा विचार करणारा कुणीही पहिला प्रश्न तोच विचारेल.

लॉगची मूळ प्रत, मिठाच्या माथ्याची खोली आणि १४ खड्ड्यांचे मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमचे आकडे इथे टाकलेत तर ते दोन उंचवटे माती आहेत की सिल्व्हाइट, याबद्दल मला काय वाटतं ते सांगता येईल.